पडला नव्हता, तरी डाऊनच होता

प्रश्न: मी एका मुष्टियुद्ध क्लबमध्ये सहायक प्रशिक्षक आहे. मुख्य प्रशिक्षक माझेही गुरू, त्यांच्याच हाताखाली मी शिकलो. पाच दिवसांपूर्वी स्पारिंगच्या, म्हणजे सरावासाठी खेळलेल्या लढतीच्या, तिसऱ्या फेरीत आमच्या सतरा वर्षांच्या एका मुलाला जबड्यावर डावा हूक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, बसला. जोडीदार त्याच्यापेक्षा सहा किलोंनी जड होता. मुलाचे गुडघे वाकले, दोर धरून तो कसाबसा उभा राहिला. पण पडला नाही, शुद्धही गेली नाही. डोक्यावर हेडगार्ड, म्हणजे फोमचं शिरस्त्राण, होतं. फेरी त्याने पूर्ण केली. हाताच्या पट्ट्या सोडताना मात्र त्याने मला दोनदा विचारलं, "दोन फेऱ्या झाल्या की तीन?" त्या रात्री डोकं दुखलं. परवा मला एकट्याला गाठून म्हणाला, दोरीवरच्या उड्या मारताना अजून ठणकतं, पण सरांना सांगू नका. बारा दिवसांवर स्पर्धा आहे. सर म्हणतात, स्पारिंगमध्ये एवढं चालायचंच, सक्तीची विश्रांती लढतीत नॉकआउट झालेल्यांसाठी असते. घरच्यांना यातलं काही ठाऊक नाही. बोललो तर सरांचा विश्वास आणि मुलाची संधी दोन्ही जातील, गप्प बसलो तर झोप लागत नाही. नियमाप्रमाणे तो खेळू शकतो ना?
– एक सहायक प्रशिक्षक

उत्तर: नमस्कार. आजच करायची कामं आधी सांगतो, नियमांचं नंतर बोलू. हे वाचून झाल्यावर त्याच्या आईवडिलांना फोन करा. जे पाहिलंत ते क्रमाने सांगा: हूक, वाकलेले गुडघे, दोर, दोनदा विचारलेला तोच प्रश्न, तीन दिवसांनंतरही उड्या मारताना ठणकणारं डोकं. त्यांना म्हणा, उद्यापर्यंत त्याला डॉक्टरांकडे न्या आणि हे सगळं तिथेही असंच सांगा. तोवर दोरी, बॅगेवरचे ठोसे, प्रशिक्षकाने हातात धरलेल्या पॅडवरचे ठोसे, सगळं बंद. मेंदूला हादरा बसला आहे असंच धरून चालायचं. तसं नाही हे ठरवण्याचा अधिकार डॉक्टरांचा आहे. तो तुम्हाला नाही, मला नाही आणि सरांनाही नाही.

घरच्यांना आणखी एक यादी द्या. डोकेदुखी वाढत जाणं, पुन्हापुन्हा उलट्या, एकाचे दोन दिसणं, हातापायांत मुंग्या किंवा कमजोरी, मानेत जोरात दुखणं, झटका येणं, बोलण्यात गोंधळ वाढणं, हलवून उठवलं तरी जाग न येण्याइतकी गुंगी. यातलं एकही दिसलं तर डॉक्टरांच्या वेळेची वाट पाहायची नाही, थेट सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यायचं. कारण असं की, मेंदूच्या पृष्ठभागावरून त्याच्या बाहेरच्या आवरणाकडे जाणाऱ्या नाजूक शिरा असतात. डोकं झटक्यात फिरलं की त्या ताणल्या जातात, क्वचित तुटतात. तिथून रक्त हळूहळू झिरपत राहतं, म्हणून माणूस काही तास, कधी काही दिवसही बरा वाटतो. उलट, स्कॅन नॉर्मल आला म्हणून सराव सुरू करणंही चूक. स्कॅन रक्तस्राव आणि हाड मोडणं शोधतो. साधा हादरा, ज्याला डॉक्टर कन्कशन म्हणतात, त्यात सहसा दिसतच नाही. डोकेदुखीची गोळी देऊन सरावाला उभं करणं तर अजिबात नको, कारण ती दुखणं झाकते आणि आपण हातातली एकमेव खूण गमावून बसतो.

आता नियमाबद्दल. तुमच्या पत्रात तीन गोष्टी तुम्ही गृहीत धरल्या आहेत. तो पडला नाही, शुद्ध गेली नाही, आणि ती लढत नव्हती. तिन्हींकडे नियमाच्याच बाजूने पाहू.

'डाऊन' होणं म्हणजे जमिनीवर आडवं होणं, एवढंच आपल्या मनात असतं. हौशी मुष्टियुद्धाच्या नियमांत त्याची व्याख्या यापेक्षा बरीच रुंद आहे. ठोशामुळे पायांखेरीज शरीराचा कुठलाही भाग जमिनीला टेकला, खेळाडू दोरांवर हतबल लटकला, दोरांबाहेर गेला, किंवा उभा असूनही अर्धवट शुद्धीत आहे आणि पुढे लढू शकत नाही असं रेफरीला वाटलं, तर तो डाऊन. हाच हूक स्पर्धेत बसला असता तर दोर धरून उभ्या राहिलेल्या या मुलासाठी रेफरीची एक, दोन, तीन अशी मोजणी सुरू झाली असती. आणि दुसऱ्याच सेकंदाला तो सावरला असता तरी ती आठपर्यंत गेलीच असती. ती आठ सेकंद खेळाडूला दम खाण्यासाठी ठेवलेली नाहीत. त्याचे डोळे स्थिर आहेत का, पाय सरळ पडतात का, सांगितलेलं त्याला समजतं का, हे पाहायला रेफरीला मिळालेला तो वेळ आहे. रिंगच्या कडेला डॉक्टर बसलेले असतात. तुमच्या हॉलमध्ये तो वेळही नव्हता आणि पाहणारंही कोणी नव्हतं, म्हणून फेरी पुढे चालू राहिली.

शुद्धीचं म्हणाल, तर कन्कशन झालेल्यांपैकी बहुतेकांची शुद्ध जातच नाही. फेऱ्यांचा हिशेब विसरणं, तोच प्रश्न पुन्हा विचारणं, ही शुद्ध जाण्याइतकीच पक्की खूण आहे. तुम्ही ती टिपलीत, हे त्या मुलाचं नशीब.

आणि सक्तीची विश्रांती? ऑलिम्पिक पद्धतीच्या मुष्टियुद्धात रूढ झालेलं माप असं आहे: डोक्यावरच्या ठोशांमुळे लढत थांबली किंवा नॉकआउट झाला, पण शुद्ध गेली नाही, तर किमान ३० दिवस. शुद्ध एका मिनिटाहून कमी काळ गेली तर किमान ९० दिवस. त्याहून जास्त काळ गेली तर किमान १८० दिवस. थोड्या काळात पुन्हा तसंच घडलं तर विश्रांती वाढते. या काळात लढत तर नाहीच, स्पारिंगही नाही. सरांच्या बोलण्यातली गफलत इथे आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनी हे संरक्षण सरावात झालेल्या नॉकआउटलाही लावलं आहे आणि ते पाळण्याची जबाबदारी प्रशिक्षकावर टाकली आहे. तुमच्या संघटनेच्या चालू नियमावलीतलं वैद्यकीय प्रकरण उघडून सरांसोबत बसून वाचा. कोणी म्हणेल, मुलगा नॉकआउट कुठे झाला? शब्दाला शब्द लावला तर नाही झाला. पण हॉलमध्ये लढत थांबवायला रेफरीच नव्हता, मग 'रेफरीने थांबवली नाही' या मुद्द्यावर मुलाला खेळवायचं कसं?

याच हिशेबाची दुसरी बाजू पाहा. खेळातल्या कन्कशनबद्दल जगभरातल्या तज्ज्ञांची २०२२ साली ॲमस्टरडॅमला परिषद झाली. तिथे ठरलेल्या क्रमात परतीच्या सहा पायऱ्या आहेत आणि एका पायरीवर किमान २४ तास काढायचे आहेत. ते वाचून काही प्रशिक्षक म्हणतात, सहा पायऱ्या म्हणजे सहा दिवस, मग बारा दिवस पुष्कळ झाले. तसं नाही. वरच्या पायऱ्या लक्षणं संपल्याशिवाय चढायच्याच नसतात, आणि मुलं व किशोरांना पूर्ण बरं व्हायला महिनाभरही लागू शकतो. तुमच्या मुलाचं डोकं अजून दुखतंय. ही स्पर्धा त्याच्यासाठी संपली आहे. हे त्याला आज सांगितलेलं बरं. 'बघू, जमलं तर' असं म्हणत ठेवलंत तर तो रोज थोडं अधिक लपवत जाईल.

मुष्टियुद्धात या पायऱ्या कशा उतरतील ते सांगतो, कारण तक्ता सगळ्यांकडे असतो आणि घोळ तपशिलात होतो. पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती. पूर्वी अंधाऱ्या खोलीत आठवडाभर झोपवून ठेवायचे, ते आता कोणी सांगत नाही. घरातली साधी हालचाल चालते, मोबाइलचा पडदा मात्र या दोन दिवसांत कमी. मग चालणं आणि स्थिर सायकल, आधी हलक्या गतीने, नंतर मध्यम. दोरी इथे नको. प्रत्येक उडीला डोकं वरखाली हिंदकळतं, आणि याच मुलाच्या बाबतीत तीच त्रास देते आहे. त्यानंतर एकट्याचा सराव: पायांची हालचाल, शॅडो म्हणजे हवेतले ठोसे, पण झपकन वाकून ठोसे चुकवण्याचा वेग अर्धा. या पायऱ्यांवर डोकं किंचित जड वाटलं आणि तासाभरात निवळलं तर घाबरायचं कारण नाही. जास्त वाढलं तर थांबायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या पायरीवर बॅग आणि पॅड, पण पॅड धरणाऱ्याने त्याच्या डोक्याकडे हात नेऊन चुकवण्याची परीक्षा घ्यायची नाही. बॅगेवरही आधी हलके, एकेकटे ठोसे. जोराचा ठोसा मारतानाही मानेला झटका बसतो, हे विसरलं जातं. पाचव्या पायरीच्या, म्हणजे स्पारिंगच्या, आधी डॉक्टरांची लेखी परवानगी हवी. तीही चौथी पायरी पूर्ण जोमाने करूनही काहीच जाणवलं नाही, त्यानंतरची. पाचवीत आधी फक्त धडावर ठोसे, मग ठरवून हलकं, मग खुलं स्पारिंग. सहावी म्हणजे लढत. चौथीपासून पुढे लक्षण परत आलं तर तिसरीवर यायचं. आणि या सगळ्याआधी त्याची शाळा किंवा कॉलेज. धड्याचं पान वाचताना ज्याचं डोकं दुखतं, त्याला रिंगमध्ये पाठवायचं नसतं.

वजनाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण स्पर्धा जवळ आली की मुलं काय करतात ते तुम्हाला माहीत आहे. तो जेवण तोडत असेल, पाणी कमी करत असेल, तर ते आजच थांबवा. सुकलेल्या शरीराला डोकेदुखी आणि चक्कर असतेच. मग त्यातली हादऱ्याची कुठली आणि पाण्याची कुठली, हे डॉक्टरांनाही सांगता येणार नाही.

हेडगार्डचा उल्लेख तुम्ही धीर यावा म्हणून केला असावा. त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवली जाते, म्हणून थोडं थांबतो. ऑलिम्पिकमध्ये १९८४ साली हेडगार्ड आलं आणि २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या लढतींतून गेलं. महिलांसाठी ते राहिलं. फोम काय करतो? ठोशाचा मार पृष्ठभागावर पसरवतो. त्यामुळे भुवई फाटत नाही, कान चिरडत नाही, डोक्याला डोकं आपटलं तर जखम कमी होते. पण हूक डोक्याला फिरवतो. कवटी झटक्यात फिरते, आतला मेंदू क्षणभर मागे राहतो आणि त्याचे तंतू पिळले जातात. हे फिरणं फोम थांबवू शकत नाही. शिवाय हेडगार्डने डोक्याचा घेर वाढतो, कडेचं दिसणं थोडं कमी होतं, आणि मनात येतं की आता मार सोसेल. म्हणून सरावात हेडगार्ड घालाच, फक्त त्याच्या भरवशावर जोर वाढवू नका. हनुवटीचा पट्टा आवळून हाताने बाजूने ढकललं तर ते डोळ्यावर सरकता कामा नये. माउथगार्डचंही तसंच. दात, ओठ आणि जबड्यासाठी ते हवंच. लाल रंगाचं मात्र नको, स्पर्धेत ते चालत नाही, कारण तोंडातून आलेलं रक्त त्यात दिसत नाही.

आता मुलाबद्दल. त्याने विश्वासाने सांगितलं आणि तुम्ही ते घरी सांगणार, हा विश्वासघात वाटतोय ना तुम्हाला? त्याच्याशी आधी बोला. 'तुझ्या पाठीमागे काही करणार नाही, पण लपवणारही नाही. आज मी तुझ्या घरी फोन करतोय, तू शेजारी बसलास तर बरं.' एवढं पुरे. त्याला वयाचं गणितही सांगा. प्रौढ गट १९व्या वर्षी सुरू होतो आणि ४० पर्यंत चालतो. गेलेली स्पर्धा पुन्हा येते. पण पहिला हादरा भरून यायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला झपाट्याने सूज येऊन जीव जाऊ शकतो. हे क्वचित घडतं, आणि घडतं ते बहुतेक कोवळ्या वयातच. घाबरवायला म्हणून नव्हे, खरं आहे म्हणून सांगा.

मुलं का लपवतात, हेही पाहायला हवं. आपण 'ठीक आहेस ना?' असं विचारतो आणि त्याचं एकच उत्तर ठरलेलं असतं. त्याऐवजी विचारा: कितवी फेरी चालू आहे? मागच्या फेरीत समोर कोण होतं? शेवटी कुठला ठोसा बसला? उत्तर चुकलं की सराव संपला. उत्तरं बरोबर आली तरी चेहरा बधिर किंवा पाय ढिले वाटले तर तेव्हाही संपला. शंका आली की बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही.

सरांशी बोलणं तुम्हाला सगळ्यात अवघड वाटतंय. तुमच्या पत्रातून त्यांच्याबद्दल आदर दिसतो, तो जपूनच बोलता येईल. मुलांसमोर नको, सराव चालू असताना नको. 'तुम्ही चुकलात' अशी सुरुवातही नको. त्यांनी ज्या काळात हे शिकलं तेव्हा तग धरणं हीच परीक्षा होती. पण त्यांच्या अनुभवालाच साद घाला. सराव-जोडीदार म्हणून वापरले गेलेले, रोज मार खाणारे आणि पुढे बोलण्या-चालण्यात जड झालेले मुष्टियोद्धे जुन्या मंडळींनी पाहिलेले असतात. हे नवं नाही. १९२८ साली अमेरिकेत हॅरिसन मार्टलंड या डॉक्टरांनी 'पंच-ड्रंक' या अवस्थेवर लेख लिहिला, तेव्हाच त्यांनी नोंदवलं होतं की इतरांच्या सरावासाठी वापरल्या जाणाऱ्या, दिवसातून अनेकदा पाडल्या जाणाऱ्या दुय्यम खेळाडूंत ती बरीच आढळते. हौशी लढतीत तीन फेऱ्या असतात. डोक्यावरचे बहुतेक ठोसे वर्षभरात हॉलमध्येच बसतात, आणि रेफरी, डॉक्टर, मोजणी यांतलं काहीच तिथे नसतं. सरांकडे मागणी करायची ती हीच, की रिंगमधले नियम हॉलमध्ये आणू या.

त्यासाठी भिंतीवर लावायचा एक कागद लिहून न्या. मी असतो तर असं लिहिलं असतं: स्पारिंग एका वेळी एकाच जोडीचं, आणि एक प्रशिक्षक दोराशी उभा, हातात मोबाइल नाही. ग्लोव्हज १६ औंसांचे, अगदी हलक्या मुलांना १४. अंगठ्याने दाबल्यावर आतलं बोटाचं हाड लागत असेल तर तो ग्लोव्ह फक्त बॅगेसाठी, कारण फोम बसला की वजन तेच राहतं पण गादी उरत नाही. जोडी वजन आणि अनुभव दोन्ही पाहून. सहा किलोंचा फरक असेल तर जड मुलाने फक्त बचाव किंवा हलके जॅब (पुढच्या हाताचे सरळ ठोसे), आणि हे घंटेआधी मोठ्याने सांगायचं. सिमेंटवर स्पारिंग नाही. रिंगच्या फळ्यांवर दीड-दोन सेंटिमीटरचा नमदा किंवा रबर असतो तो उगाच नाही. जीवघेणी इजा बरेचदा ठोशाने होत नाही, पडताना डोक्याची मागची बाजू आपटून होते. जोराचं स्पारिंग किती दिवसांनी, ते आधी ठरलेलं. 'थांब' हा शब्द कोणीही म्हणू शकतो, त्यावर त्या दिवशी चर्चा नाही.

एक वही हवी. तारीख, जोडी, फेऱ्या, ग्लोव्हज, आणि डोक्याला जोराचा ठोसा बसला असल्यास त्याची नोंद. ही वही नसल्यामुळेच मागच्या महिन्यात या मुलाला असंच काही झालं होतं का, याचं उत्तर आज तुमच्याकडे नाही. डॉक्टर तो प्रश्न विचारतीलच. आणीबाणीचा कागदही शेजारी लावा: रुग्णवाहिकेचा नंबर, सीटी स्कॅन असलेलं सगळ्यात जवळचं रुग्णालय, गाडी कोणाची. बेशुद्ध पडलेल्याला उचलून बसवायचं नाही, तोंडावर पाणी मारायचं नाही. डोकं-मान स्थिर धरायची, श्वास चालतोय का पाहायचं, माउथगार्ड घशाकडे सरकत असेल तर काढायचं. हेडगार्ड ओढायचं नाही, पट्टा सैल करायचा.

सर तयार झाले नाहीत तर? तर आईवडिलांना केलेला फोन तसाच राहतो. त्याला कोणाची परवानगी लागत नाही. स्पर्धेआधी वजनाच्या वेळी डॉक्टर तपासतात आणि खेळाडूची वैद्यकीय नोंदवही पाहतात. मुलगा तिथवर गेलाच, तर दोन-अडीच आठवड्यांपूर्वी डोक्याला मार लागला होता हे त्या डॉक्टरांना सांगायला तुम्ही जा. 'तंदुरुस्त आहे' अशा कुठल्याही कागदावर तुमची सही नको. यात सरांचा राग ओढवेल, कदाचित काही महिने टिकेल. तुमच्यावर तो भार येईल हे मला कळतं आणि ते हलकं करून सांगणार नाही.

हे वाचणाऱ्या पालकांनो, मुलाला किंवा मुलीला क्लबमध्ये घालताना पदकांच्या भिंतीआधी ती वही मागा. स्पारिंग चालू असताना अर्धा तास बसून पाहा. दोराशी कोण उभं आहे आणि ते कुठे बघतंय, एवढ्यावरून पुष्कळ कळतं.

आणि एक काम राहिलं. ज्या मुलाचा हूक बसला, त्याच्याशीही बोला. तो सहा किलोंनी जड होता, पण जोडी त्याने लावली नव्हती. मित्राचं स्पर्धेतलं नाव मागे घेतलं हे त्याला इतरांकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळू दे.